बाहेरचं पाणी

सांगलीत पिवळं दिसणं कुणाला खटकत नाही.
मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघाले की
हमालांच्या पापण्याही पिवळ्या,
रिक्षाच्या सीटा, गल्ल्यातल्या नोटा.
तू तर अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहायचीस, त्रिशला.
तुझे डोळे पिवळे व्हायला लागले तेव्हा
मी म्हणाले, जरा तोंड धू.

मग समडोळीहून आई आली, तुला घेऊन गेली.
"बाहेरचं पाणी बाधलं पोरीला,"
साऱ्या भावकीत तिने हेच सांगितलं.
मी मान हलवली. खोटं कुठे होतं ते?

कुण्या म्हाताऱ्याने तुझ्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली,
बारक्या काड्यांची, दोऱ्यात गुंफलेली.
आजार उतरतो तशी ती वाढते म्हणे.
व्हिडिओ कॉलवर दाखवलीस:
कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर.
माळ वाढत होती.
तू कमी होत होतीस.

आपण काही दारुड्या नव्हतो.
दारुडा तो, जो रोज घेतो,
स्टँडमागे गटाराशेजारी झोपतो, एका चपलेवर.
आपण फक्त शनिवारी.
विश्रामबागच्या फ्लॅटवर, पडदे ओढून,
रिक्षावाल्या काकांना वर तीस रुपये देऊन मागवलेली
("पाहुणे आलेत काय?" ते विचारायचे, आपण हो म्हणायचो),
आधी स्प्राइटमध्ये, मग कमी स्प्राइटमध्ये,
मग चहाच्या कपात, ग्लास धुवायला कोण उठणार.
दोन तासांत सगळी. संपवूनच.
उरवून ठेवायची कुठे?
घरमालकीण स्वतःच्या चावीने कधीही आत यायची.
हे खरं कारण होतं. आता कुणाला पटणार नाही.

आणि रविवारी रिकाम्या बाटल्या
पॅडच्या काळ्या पिशवीत.
त्या पिशवीत काय आहे
हे या गावात कुणीही, कधीही विचारत नाही.

मिरजेला डॉक्टरांनी आधी विचारलं, "नवरा घेतो का?"
"लग्न नाही झालं."
रक्त चढवलं होतं? टॅटू? गावठी औषध?
फाईलची तीन पानं भरली.
तिसऱ्या दिवशी पेन खाली ठेवून, "तुम्ही?"
तू माझ्याकडे बघितलंस.
"शनिवारी घ्यायची," मी म्हणाले.
घ्यायची. एकवचन.
ते ओरडले नाहीत. म्हणाले,
बाईच्या अंगात पाणी कमी असतं,
तेवढ्याच घोटाला तिचं यकृत जास्त भाजतं.
मी विचारलं नाही
की दोघींनी सारखीच घेतली असेल तर?
कपाला कप लावून, रेषेला रेष.

आता तुझ्या पोटात पाणी झालंय.
सुई घालून काढतात,
परवापर्यंत पुन्हा भरतं.
नवी आयाबाई चादर बदलताना म्हणाली, "कितवा महिना गं?"
तू हसलीस.
"चौथं वर्ष."

तुझी आई पाणी गाळून पिणाऱ्या घरातली.
वॉर्डातल्या कूलरच्या तोटीलाही तिने
फडकं बांधलंय, पांढरं, दुहेरी.
सोळा खाटा गाळलेलं पाणी पितात.
काल तिने मला हाताला धरून खिडकीशी नेलं,
अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली
आणि बघत राहिली,
बराच वेळ, आधी उजवा, मग डावा.
माळेचं काही बोलली नाही. पाण्याचंही नाही.
पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला.
"जेव. दिवस मावळायच्या आत."